दोन राजपुत्रांच्या झुली

रोमबाहेरच्या आमच्या स्टुडिओत सिंहासन एकच, तेही प्लायवुडचं. आणि त्यावर हक्क सांगणारे सिनेमातले राजपुत्र दोन, नट फुल्व्हियो आणि कोर्रादो. तलवार दोघांनाही धरता येत नाही, घोडा दिसला की घाम फुटतो, पण तोरा बघाल तर खऱ्या राजाने लाजावं. मी एर्सिलिया, कपडेपटात शिवते. त्यांच्या पाठीवरचे मखमली झगे माझ्याच हातचे. झगे कसले मेले, बैलाच्या झुली!

कोर्रादोची झूल टाचेपर्यंत येते हे दिसल्यावर फुल्व्हियोला घास गिळवेना.

"एर्सिलियाबाई, माझी वीतभर वाढवा. गोष्टीत थोरला मी आहे."

दुसऱ्या दिवशी कोर्रादो हजर. "त्याची वाढवली म्हणे? मग माझी दोन वीत!"

आठवड्याभरात दोन्ही झुली जमीन झाडायला लागल्या.

मी पोट धरून हसले असते. पण फुल्व्हियोच्या जागी, त्याचा डमी म्हणून, तटावरून उडी मारायची होती माझ्या नवऱ्याला, नाझारेनोला. झूलही तीच. तेवढं ओझं गळ्याशी बांधून तीन मजले खाली, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर. वाटेत अडकली तर फासच की!

दिग्दर्शकाला म्हटलं, "साहेब, उडीपुरती तरी कापू द्या."

"राजपुत्राची शान आहे बाई ती."

शान राजपुत्राची आणि गळा माझ्या नवऱ्याचा! मी झुलीची खांद्यापाशची पक्की शिवण उसवली आणि कच्चे टाके घातले, अडकलीच तर सुटावी म्हणून.

नाझारेनोने उडी घेतली. झूल खिळ्यात अडकली, टर्रकन उसवली आणि वरच लोंबत राहिली. तो खोक्यांत पडला, उठून बसला, गळा चोळायला लागला.

"झूल सुटली, सीन वाया गेला!" दिग्दर्शक ओरडला. "बाई, आता पक्की शिवा. पुन्हा घेऊ."

डोकंच फिरलं माझं. वर लोंबणारी झूल खाली ओढली, कोर्रादोचीही घेतली, कात्री उचलली आणि दोन्ही झुली कमरेशी कचाकच कापल्या.

"काढा मला कामावरून! पण गळ्यात धोंडा बांधून हा उडी मारणार नाही. एवढी हौस असेल तर चढवा तुमच्या राजपुत्रांना!"

दोघे राजपुत्र पुढे आले. मला वाटलं, संपली नोकरी. तर त्यांनी आपापल्या झुली पाठीवर टाकल्या आणि पाठीला पाठ लावून उभे राहिले.

"सारख्याच आहेत ना?" फुल्व्हियोने विचारलं.

"सारख्याच," मी म्हणाले.

"मग चालेल," कोर्रादो म्हणाला.

राजपुत्रच खूश म्हटल्यावर दिग्दर्शकानेही मान डोलावली. नाझारेनोच्या गळ्यावर लालभडक वळ उठला होता. त्याच्याकडे दोघांपैकी एकानेही वळून पाहिलं नाही.