कपाटातला खेच्या

मी एक जुना खेच्या आहे. हसू नका, मित्रांनो. हे नाव मला सुरतजवळच्या उधन्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या पंडितने दिलं. दोरा खेचतो म्हणून खेच्या. इथे माझ्यासमोरच्या चिठ्ठीवर 'धागा-कर्षक उपकरण, गट ब' असं लिहिलंय. त्या नावाने कोणी हाक मारली तर मी ओ देणार नाही.

सुरतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या कपाटात मला ठेवलंय. मागे सायकलच्या भोंग्याचा काळा रबरी फुगा आणि पुढे कातून काढलेली पितळी चोच, एवढाच मी. कपाटात माझ्या शेजारी मुलांनीच बनवलेली एक घडीची खुर्ची आहे, तिच्यावर आजवर कोणी बसलेलं नाही. ती बिचारी कुरकुरत नाही. मी कुरकुरतो.

माझं काम काय, ते आधी ऐका. लूमवर आडवा दोरा नेणारी एक लाकडी होडी असते, तिला शटल म्हणतात. तिच्या पोटात दोरा गुंडाळलेली बॉबिन असते. बॉबिन संपली की कारीगर नवी घालतो आणि दोऱ्याचं टोक शटलच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. कसं काढतो? भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. दोरा येतो. दोऱ्यासोबत सुताचा कोंडा येतो, तेल येतं, आणि आधीच्या माणसाची थुंकीही येते. कारण शटल एकट्याचं नसतं. दिवसपाळीचा माणूस गेला की रात्रपाळीचा त्याच शटलला तोंड लावतो.

पंडितच्या लूमवर रात्रपाळीला भिकन असायचा. दोघे खान्देशातल्या एकाच गावचे, एकाच खोलीत भाड्याने राहणारे. पंडितची बायको सुंदरा दोघांचं जेवण करायची. पाळी बदलताना या मंडळींची एक रीत होती. येणारा माणूस जाणाऱ्याच्या हातातूनच शटल घ्यायचा आणि त्याच्यासमोर पहिला दोरा तोंडाने ओढायचा. एका ताटातल्या माणसांना उष्ट्याचं काय? शटल पुसून घेणं म्हणजे समोरच्याला तोंडावर हलकं म्हणण्यासारखं होतं.

आणि भिकन खोकायचा. प्लेगच्या वर्षी सुरतेत कोणी नुसतं खोकलं तरी शेजारी दारं लावून घेत. तेव्हा खोलीवाल्याने भिकनला बाहेर काढायचं ठरवलं होतं. पंडित आडवा उभा राहिला आणि त्याच्या ताटात जेवला. प्लेग गेला, भिकनचा खोकला राहिला. आता एवढं करून बसलेला माणूस त्याच्या देखत शटल कसं पुसणार?

आता माझ्या जन्माकडे येतो. कॉलेजात वशीसर म्हणून एक प्राध्यापक होते. वस्तूची रचना कशी करावी हे मुलांना शिकवता येतं का, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यांनी वर्गाचे दोन गट केले. गट अ ला म्हणाले, लूमच्या कारीगरासाठी काहीतरी बनवा. गट ब ला आधी पद्धत शिकवली. भिंतीवर तक्ता लावला: विचारा, बघा, काढा, बनवा, तपासा. पाच चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. कोणत्या गटाची वस्तू चांगली होते, हे सरांना बघायचं होतं. माणूस साधा, कामसू, मुलांवर कधी आवाज न चढवणारा. मला तर वाटतं, वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

गट ब मध्ये धनश्री होती. सुरतेतच वाढलेली मराठी मुलगी, म्हणून पंडितशी बोलायला तिला पाठवलं. पहिल्या खेपेला पंडित म्हणाला, "सगळं बरं आहे ताई, काही त्रास नाही." पद्धतीत 'विचारा'च्या पुढे 'बघा' होतं, म्हणून ती पुन्हा आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. भिकनची पाठ वळली की पंडित शटल हळूच बनियनला पुसतो, हे तिने पाहिलं. त्यातून माझा जन्म झाला. चोच भोकावर टेकवायची, दाबलेला फुगा सोडायचा, दोरा सुळकन बाहेर. ओठ लावायचं कामच नाही.

मला पंडितच्या हातात देताना ती हळू आवाजात म्हणाली, "काका, कोणी विचारलं तर सांगा, कॉलेजवाल्यांनी दिलंय, वापरावंच लागतं."

पोरगी हुशार, मित्रांनो. संध्याकाळी भिकन आला. त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मन्हं उष्टं तुले चालत नही का आते?" तो अहिराणीत म्हणाला.

"तसं नही रे भाऊ," पंडित म्हणाला. "कॉलेजवालास्नी दिन्हं शे. वापरनं पडी. तुले बी."

भिकनने मला उलटसुलट केलं, एकदा फुगा दाबून स्वतःच्या गालावर वारा घेतला आणि हसला. त्या रात्री त्यानेही मलाच वापरलं. रबर कुठल्याही दुकानात मिळतं, पितळही मिळतं. त्या दोघांना हवी होती ती सबब, आणि ती माझ्यासोबत आली होती. ते दिवस माझे खरे कामाचे. तेलाने माखलो, कोंड्याने भरलो, पार काळा झालो. सुंदरा मला आठवड्याला साबणाने धुवायची आणि खिडकीत वाळत ठेवायची.

मग 'तपासा' हा चौकोन पूर्ण झाला आणि धनश्री मला न्यायला आली. सुंदराने मला पदरात धरलं होतं.

"ताई, हे राहू द्या ना इथंच. चांगलं चाललंय यांचं."

"परीक्षक बघायला येणार आहेत काकू. तेवढं झालं की परत आणते. अजून चार बनवून आणते."

सुंदराने मला पुसून दिलं. शब्दावर विश्वास ठेवला बाईने.

परीक्षकांनी माझी फार तारीफ केली. गट अ ची वस्तू दिसायला देखणी होती, पण ती कारीगराच्या हातात मावत नव्हती. वशीसरांचं म्हणणं सिद्ध झालं: पद्धत शिकवता येते. त्यांचा निबंध मोठ्या परिषदेत वाचला गेला, त्यात माझा फोटो होता. धनश्रीने मला मागितलं, तेव्हा सर म्हणाले, "एकच तर नमुना आहे. तो दिला तर पुरावा कुठला दाखवू?" तिने पुन्हा एकदा मागितलं. मग तिची परीक्षा आली, मग पुण्याची नोकरी आली. तिला दोष द्यायचा की नाही, यावर मी बराच विचार केला. देतो. सगळ्यांत जास्त तिलाच कळलं होतं. पुढच्या वर्षी नव्या मुलांना नवं काम मिळालं, रिक्षाचा आरसा की काय. भिंतीवरचा तक्ता तोच. त्यातला शेवटचा बाण पुन्हा पहिल्या चौकोनाकडे वळतो. उधन्याकडे एकही बाण जात नाही.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी कपाटासमोर सुंदरा उभी राहिली. मी ओळखलं. कशी आली, कोणाला विचारत आली, देव जाणे. वशीसरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "बेसो बहेन," म्हणाले. त्यांना मराठीही बऱ्यापैकी यायचं.

ती बोलू लागली. खेच्या गेला आणि तोंडाने ओढणं परत सुरू झालं. तिने बाजारातून भोंग्याचा फुगा आणून दिला होता. पंडित म्हणाला, "हे काय कॉलेजने दिलंय? भिकनसमोर काढू कसं?" फुगा खुंटीला लटकत राहिला. भिकन गावी गेला आणि तिकडेच वारला. मग पंडित खोकू लागला. दवाखान्यात टीबी निघाला. गोळ्या चालू आहेत, पण बरं वाटलं की तो सोडून देतो, आणि लूम सोडून चालत नाही.

"आता भिकनच्या जागी माझा भाऊ लोटू आलाय साहेब," ती म्हणाली. "त्याचे दाजी खोकतात अन् तो त्यांच्याच हातातलं शटल तोंडाला लावतो. दाजींना नाही कसं म्हणेल? तुम्ही फक्त हे द्या. कॉलेजचं आहे म्हटलं की दोघंही ऐकतील."

सर ऐकत होते. त्यांचे डोळे पाणावले, हे मी काचेतून पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग ते उठले. मला वाटलं, किल्ली काढतात. त्यांनी कॅमेरा काढला.

"बहेन, तुम्ही इतक्या लांबून आलात, हे आमच्या संशोधनासाठी फार मोलाचं आहे," ते म्हणाले. "इथे उभ्या राहा, कपाटाजवळ. नवीन मुलांना सांगून आपण पुढे नक्की काहीतरी करू."

सुंदरा उभी राहिली. फोटो निघाला. तिने चहा अर्धाच प्यायला आणि गेली. जाताना काचेवर हात ठेवला होता, त्याचे ठसे शिपायाने संध्याकाळी पुसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या चिठ्ठीत एक ओळ वाढली. 'वापरणाऱ्यांकडून आजही मागणी.' पाहुणे ती वाचतात आणि मान डोलावतात. लोटूचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. ते विचारणारा चौकोन तक्त्यात नाही.

मित्रांनो, माझं रबर आता तडकलंय. ते बदलता येतं. चोच अजून शाबूत आहे. उद्या तुम्हीही असलं शिक्षण घ्याल, लोकांच्या घरी जाल, त्यांना प्रश्न विचाराल, चांगलं काही बनवाल. बक्षीस जरूर घ्या. पण ज्याच्याकडे पाहून वस्तू बनवली, त्याच्या हातात ती ठेवल्याशिवाय काम झालं म्हणू नका. आणि कधी या दुसऱ्या मजल्यावर आलात, तर माझी तारीफ करू नका. किल्ली मागा.