बाबनरावांचा उजवा कान

"आवाज आला की हे बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी दाबायचं." एवढं सांगून दवाखान्यात कान तपासणाऱ्या गोपिका मॅडमनी बाबनरावांच्या डोक्यावर हेडफोन बसवला आणि काचेपलीकडे आपल्या मशीनसमोर जाऊन बसल्या.

खोली कपाटाएवढी होती. दार लागलं तशी अशी काही शांतता पसरली की बाबनरावांना अवघडल्यासारखं झालं. अशा शांततेत बसायची त्यांना सवयच नव्हती. उमरेडला विणकराच्या घरी बालपण गेलं मागाच्या खडखडाटात. माग बंद पडले तसे ते नागपुरात आले आणि जनरेटरचे मेकॅनिक झाले. दवाखाने, मॉल, लग्नाची लॉन, जिथे जिथे वीज गेलेली चालत नाही, तिथले जनरेटर सेट त्यांच्या हाताखालून गेले होते.

यंदा मात्र कंपनीनं फर्मान काढलं. सर्टिफिकेट नसलेल्या माणसानं सेटला हात लावायचा नाही. ग्राहकच आता तसं मागत होते. मग उन्हाळाभर बाबनराव कामावरून दमून यायचे आणि कूलरसमोर भिंतीला टेकून बसायचे. मुलगी हर्षा प्रश्न वाचायची, ते उत्तर द्यायचे, मधेच पेंगायचे. वाडीच्या सेंटरवर कॉम्प्युटरची परीक्षा झाली. प्रॅक्टिकल झालं. दोन्हीतून ते कसेबसे निघाले. बायकोनं, सखूबाईंनी, शेजारीपाजारी साखरसुद्धा वाटली. उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी. "ते नावापुरतं असते, काका," असं कंपनीचे कुशलसाहेब म्हणाले होते.

उजव्या कानात सुरुवातीचे मोठे आवाज त्यांना आले. मग काहीच येईना. बाबनराव बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत राहिले. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, मॅडमच्या मागे काचेच्या दाराचं कपाट होतं आणि त्याच्या काचेत मॅडमचा हात दिसत होता. आवाज सोडताना बोट खाली जायचं. बोट खाली गेलं, त्यांनी बटण दाबलं. पुन्हा गेलं, पुन्हा दाबलं. मॅडमचा चेहरा सैलावला. किती सोपं होतं.

आणि मग त्यांना कामठी आठवली.

कामठीच्या एका कारखान्यात त्यांच्या हाताखालचा अश्विन सेटच्या पंख्याचा पट्टा पाहत होता. बाबनराव पॅनलपाशी उभे होते. शेजारी यंत्रमाग सुरू होते. बाबनरावांनी चावी फिरवली. अश्विननं हात ओढला, पण हातमोजा पट्ट्यात गेला आणि चिंध्या होऊन खाली पडला. इंजिन अश्विननंच बंद केलं.

"काका, मी हाका मारून राहिलो होतो."

"आयकू नाही आलं गा."

"राहू द्या," अश्विन म्हणाला होता. कोणाला काही सांगितलं नाही त्यानं.

बाबनरावांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर बराच वेळ बटण नुसतं हातात राहिलं.

मॅडम आत आल्या. "आधी तर बरोबर दाबत होता तुम्ही."

"तुमचा हात पाहून दाबून राहिलो होतो, मॅडम. त्या कपाटात दिसते."

मॅडमनी वळून कपाटाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. बाबनरावांची खुर्ची भिंतीकडे फिरवून त्यांनी तपासणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. झाल्यावर त्या सावकाश, मोठ्यानं बोलल्या, "उजव्या कानात फारसं काही राहिलं नाही. डावा त्यामानानं बरा आहे. मशीनजवळ कान झाकत नव्हता का?"

"कान झाकले तं इंजिनची बोली..." हे वाक्य त्यांनी आजवर कितीतरी जणांना ऐटीत ऐकवलं होतं. आज ते अर्ध्यातच राहिलं.

बाहेर येऊन त्यांनी कुशलसाहेबांना फोन लावला, डाव्या कानाशी घट्ट धरला आणि झालं ते सगळं सांगितलं.

"काहून सांगितलं, काका, तुम्ही?" साहेब हळहळले. मग म्हणाले, "आता साईटवर नाही पाठवता येत. हुडकेश्वरच्या स्टोअरले बसा. फिल्टर, पट्टे काढून द्यायचे. दवाखान्याच्या सेटच्या चाव्या अश्विनले देऊन द्या."

"बरं, साहेब."

त्याच दवाखान्याच्या मागच्या अंगणात अश्विन सेटपाशीच होता. बाबनरावांनी तपासणीतलं सगळं सांगितलं आणि चाव्यांचा जुडगा पुढे केला. अश्विननं तो लगेच घेतला नाही.

"माह्यासाठी सांगतलं का तुम्ही?"

"नाही गा. मलेच भेव वाटे."

"कवापासून?"

"कामठीपासून. चावी फिरवाच्या आधी रोज वाकून पाहत होतो, पट्ट्यापाशी कोणी आहे का. धर."

अश्विननं चाव्या घेतल्या. बाबनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या बाजूला निघाले.

बसला अजून वेळ होता. ओपीडीच्या हॉलमध्ये एका बाकाच्या टोकाला ते टेकले. शेजारी एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडलांना डब्यातली खिचडी भरवत होती. एकाएकी दिवे गेले. पंखे मंदावले. बाईचा चमचा हवेतच थांबला. बाबनराव सवयीनं उठायला गेले, आणि मग पुन्हा बाकावर टेकले.

दिवे आले. चमचा म्हाताऱ्याच्या तोंडात गेला. हॉलमध्ये कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मागे सेट सुरू झाला असणार, बाबनरावांना तो ऐकू आला नाही. ते वर पाहत बसले. पंख्याची पाती फिरता फिरता दिसेनाशी झाली.

बाई त्यांच्याकडे पाहून काहीतरी विचारत होती. त्यांना नुसते ओठ हलताना दिसले. एरवी ते अशा वेळी हसून मान डोलवत. आज त्यांनी अंग वळवलं, डावा कान तिच्याकडे केला.

"इकडून बोला, बाई. त्या कानानं मले आयकू येत नाही."

"लाईन गेली होती का जी?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"गेली होती," बाबनराव म्हणाले. "आली."