दुसरी गोळी

वेचणीचे दिवस. मलकापूरजवळच्या वावरात सोजराबाई आणि तिची सून विमल कापूस वेचत होत्या. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी, झोळीत विमलची सात महिन्यांची कुंदा. पोर निजून राहावी म्हणून सकाळीच सोजराबाईनं तिला अफूची गोळी चाटवली होती. त्यात लपवण्यासारखं काय? सगळ्याच बाया चाटवत.

दुपारी कुंदा पुन्हा रडू लागली.

"अवं सोजरे," मालकीण सरस्वतीबाई ओरडली, "पोट्टीले गप कर, का तिलेच वेचाले लावतं?"

बाया हसल्या. विमल दूरच्या ओळीत होती. सोजराबाईनं कमरेच्या चंचीतून डबी काढली. दुसरी गोळी. रडं थांबलं, तसं सोजराबाईचं अंग कसं हलकं झालं.

विमल पाजायला आली तेव्हा पोरीचे ओठ निळे होते.

दवाखान्यात डॉक्टर नारायणरावांनी तीन दिवस झुंज दिली. पोर वाचली. मग त्यांनी सोजराबाईला बाजूला घेतलं.

"कॅनडात एका उंदराच्या मेंदूत तार घातली, बाई. पिंजऱ्यातली पट्टी दाबली की तारेतून वीज जाई आणि त्याला सुख वाटे. तो खाणंपिणं सोडून पट्टीच दाबत बसला."

"म्हंजे कुंदीले तशी चटक लागली?"

"तिला विष मिळालं. चटक तुम्हाला लागली. रडं थांबलं की सुख तुम्हाला. मग हात विचार करायला थांबत नाही."

सोजराबाईला राग आला. मी काय उंदीर हाव? तेवढ्यात खाटेवर कुंदानं भोकाड पसरलं, आणि सोजराबाईनं पाहिलं, तिचा स्वतःचा हात चंचीत शिरला होता.

तिनं डबीसकट हात बाहेर काढला. दोन वर्षांमागं विमलचा पहिला मुलगा, किसना, झोळीतच गेला होता. नजर लागली, असं सोजराबाईनंच गावभर सांगितलं होतं. सुनेला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी ती खाटेजवळ जाऊन बोलली.

"विमल, किसनाले नजर नोती लागली वं. त्या दिशीबी म्याच दुसरी गोळी देल्ली होती."

 विमलनं सासूची डबी घेतली, डॉक्टरांच्या टेबलावर आपटली आणि रडती पोर सासूच्या मांडीवर ठेवली.

"घ्या आत्याबाई. आता आयका."

कुंदा रडत राहिली. सोजराबाईनं दोन्ही हातांनी तिला गच्च धरलं. एकही हात मोकळा ठेवायची तिला हिंमत नव्हती.