धुण्याचा दगड

सभागृहाची दारं आतून बंद करावी लागली, कारण बाहेरच्यांना आत यायचं होतं आणि आतल्या एकालाही बाहेर जायचं नव्हतं. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती. व्यासपीठावर नाडीमहाराज एका दगडी कांडीवर दोन बोटं टेकवून, डोळे मिटून उभे होते. यंत्रानं डोंगरात भोक पाडून काढलेली ती कांडी, आणि महाराज तिची नाडी बघत होते.

"डाव्या अंगाला जड लागते," ते पुटपुटले. "सोनंच."

सभागृहानं एकदम श्वास सोडला. वैद्य माणसाची नाडी बघतो, आपण धरणीची बघतो, असं महाराजांचं म्हणणं. धंदा म्हणून हा जास्त सोयीचा. रोगी दगावला तर त्याचे नातेवाईक येऊन जाब विचारतात. डोंगराचं कोण येणार? महाराजांनी तांब्याची झारी उचलली, खळखळून हलवली आणि कांडीवर पाणी शिंपडलं. हे 'जागं केलेलं' पाणी, त्यानं धरणी शांत होते म्हणे. मागच्या फलकावर 'सोन्याचा अमाप साठा' असं हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं.

व्यासपीठाच्या टोकाला दगडवहिनी बसली होती. भूगर्भशास्त्र शिकलेली, सोन्याच्या खाणींवर उमेदीची वर्षं काढलेली. वाटेत वेगळा दगड दिसला की वाकून बघायची, म्हणून वस्तीनं हे नाव ठेवलं. तिच्या डाव्या हाताला भिंत होती आणि उजव्या हाताला सासरे, म्हणजे मामंजी. ते निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या सभागृहाला त्यांनीच पाढे शिकवलेले, म्हणून तर त्यांना सोनं काढायला निघालेल्या कंपनीचं अध्यक्ष केलेलं. तिच्यासमोर अहवाल होता, आणि त्याच्या शेवटच्या पानावर सहीपुरती मोकळी जागा.

ती जागा भरली की डोंगराच्या उतारावरची माणसं आपली घरं कंपनीच्या नावावर करून देणार होती. बदल्यात त्यांना शेअर मिळणार होते. वस्तीला महाराजांची दोन बोटं पुरेशी होती, पण शेअर बाजाराला नाडी कळत नाही. तिथे जगभर पाळला जातो असा नियम आहे. जमिनीखाली काय आहे हे लोकांना जाहीर सांगायचं, तर त्या कामात मुरलेल्या जाणकारानं ते स्वतःच्या नावावर सांगायचं, आणि महत्त्वाचं काही झाकायचं नाही. नुसत्या अंदाजाला अंदाजच म्हणायचं. काढायला परवडेल हे हिशोबानं ठरलं, तरच 'साठा' हा शब्द तोंडातून काढायचा. असा जाणकार मामंजींना घरातच सापडला. "आमची सूनबाईच आहे की," असं ते सगळ्यांना सांगून बसले होते.

सकाळी तिनं त्यांना सांगून पाहिलं होतं. प्रयोगशाळेचे आकडे आले होते आणि त्यात एक गोम होती. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, लोक माझं तोंड बघून येतायत, तू मागे हटलीस तर ते तोंड मी कुठे लपवू? मग नवऱ्याचा फोन आला. तो त्याच कंपनीच्या यंत्रावर नोकरीला. जरा जमवून घे, म्हणाला. सासूबाई घुश्श्यात होत्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. सभेला येताना गाडीत तिला सासू-सासऱ्यांच्या मधे बसवलं होतं; दार कुठल्याच बाजूला नव्हतं.

"सूनबाई, सही," मामंजी म्हणाले आणि पेन पुढे सरकवलं.

तिनं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि ती उभी राहिली. "सहीआधी एक सांगायचं राहिलंय."

"आत्ता नको," मामंजी हळूच म्हणाले.

"आत्ताच, मामंजी. नंतर सांगितलं तर त्याला कबुलीजबाब म्हणतात."

मग तिनं सभेला समजावलं. नमुन्यांच्या पिशव्या तपासायला पाठवताना त्यांत एक पिशवी अशा दगडाची घालायची, ज्यात काही नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तसलंच कापड, तसलाच नंबर. सांगायचं कुणालाच नाही. प्रयोगशाळेनं त्यात काही नाही असंच कळवायला हवं. या वेळी तसला दगड संपला होता.

"म्हणून मी आमच्या परसातल्या धुण्याच्या दगडाचा कोपरा फोडून घातला."

"तरीच," पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या.

"त्यात सोनं निघालं. डोंगरातल्यापेक्षा जास्त."

मग कुणीतरी ओरडलं की सोन्याची शीर परसापर्यंत आलीय, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मामंजींचा चेहरा उजळला. डावीकडची भिंत सरकून अंगाला टेकल्यासारखी तिला वाटली.

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "शीर कसली डोंबलाची! तो दगड माझ्या माहेरचा. लग्न करून आले तेव्हा माझ्याबरोबर आलाय. जन्मभर यांचे सदरे त्यावर आपटतेय. सोनं असतं तर एखाद्या सदऱ्याला तरी लागलं असतं."

टाळ्या विरल्या. महाराज मात्र गडबडले नाहीत. हसून म्हणाले, "आई, नमुने ठेवलेल्या शेडमधल्या सगळ्या पिशव्या पाणी शिंपडून मीच शांत केल्या. तुमच्या दगडाला माझं पाणी लागलं. त्याचंच सोनं झालं."

पुढच्या दोन रांगांनी हात जोडले.

"मग डोंगर कशाला हवाय, महाराज?" दगडवहिनी म्हणाली. "दगड आम्ही पुरवतो. लोकांची घरं राहू देत."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. जोडलेले काही हात सुटे झाले.

"आणि शिंपडायच्या आधी झारी हलवता ती कशासाठी?"

"पाणी जागं होतं."

"आमच्याकडे खोकल्याचं औषध हलवतात. तळाशी बसलेलं वर यावं म्हणून."

तिनं झारीला हात घातला. महाराजांनी ती छातीशी धरली. तेव्हा मामंजी उठले. चिठ्ठी दडवलेल्या मुठी ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि समोर तशीच मूठ होती.

"सोडा," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले.

महाराजांची बोटं आपोआप सुटली. मामंजींनी खिशातला पांढरा रुमाल पसरला, झारी हलवली आणि ओतली. पाणी टेबलावरून अहवालावर पसरलं. रुमालावर पिवळी चमचम राहिली.

सोनाराच्या कानशीखाली पडावी तशी ती सोन्याची पूड. कापडी पिशवीवर शिंपडली की पाण्याबरोबर आत झिरपायची आणि फोडलेल्या दगडात अडकून बसायची. अख्ख्या डोंगराचा अंदाज मूठभर नमुन्यांवरून बांधतात. म्हणून चिमूटभर पुडीत डोंगर सोन्याचा झाला. फक्त त्या पुडीला आपला दगड कुठला आणि परका कुठला, हे ओळखता येत नव्हतं.

दारं अजून आतून बंदच होती, आणि आता बाहेर जायची घाई एकट्या महाराजांना होती. लोकांनी त्यांना जागेवरच बसवून घेतलं आणि पोलिसांना बोलावलं.

परत जाताना दगडवहिनी गाडीत पुन्हा मधेच बसली. नवऱ्याचा फोन वाजत राहिला. कंपनी बुडाली तर त्याची नोकरी गेली, हे तिला न उचलताही कळत होतं. घरी पोचले तर परसात माणसं जमलेली. एकजण नाण्यानं धुण्याचा दगड खरवडत होता. सासूबाईंनी त्याला हाताला धरून बाजूला केलं आणि दगडावर भिजवलेली चादर टाकली.

मामंजी पायरीवर उभे राहिले. "चूक माझी," ते म्हणाले. "मी माणसं बघितली, दगड बघितला नाही. उद्या दुसरा कुणी येईल आणि जमिनीत काय आहे ते सांगेल. ऐका त्याचं. पण त्याच्या दगडांत आपला एक रिकामा दगड गुपचूप घाला. त्यातही त्याला सोनं सापडलं, तर आपलं घर घट्ट धरून ठेवा."

"म्हणजे सर, डोंगरात काहीच नाही?" खरवडणाऱ्यानं विचारलं.

मामंजींनी सुनेकडे पाहिलं.

"असेलही," ती म्हणाली. "अजून माहीत नाही. एवढंच लिहा, त्याच्याखाली मी सही करते."