गुडघ्यावरची चार बोटं

“काकू, उभ्याच राहा. गुडघे अगदी सरळ.”

डॉक्टर शिवांगीने स्टूल पुढे ओढलं, वसुधाच्या गुडघ्याच्या वरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडून दिली. कातडी सावकाश खाली उतरली आणि गुडघ्याच्या वाटीवर तीन घड्या घालून बसली. इलॅस्टिक गेलेला मोजा घोट्यावर येऊन बसतो, तशी.

“कधीपासून आहे हे?”

“वजन उतरवलं तेव्हापासून. शुगर निघाली होती ना, तर डॉक्टर म्हणाले, कम करो. मी एका सालमध्ये बावीस किलो कमी केलं.”

“बावीस? कमाल केलीत.”

कमाल सगळेच म्हणत. कमरेचं कौतुक झालं, शुगरचं झालं, जुने ब्लाउज आत घ्यावे लागले त्याचंही झालं. गुडघ्याच्या वरची ही चार बोटं तेवढी कुणाच्या हिशेबात नव्हती.

शिवांगी पुण्याहून इंदुरात येऊन विजयनगरच्या ह्या दवाखान्यात बसायला लागली होती. बोलायला गोड, पण फसवणारी नव्हती. “खरं सांगते, काकू. मशीनने त्वचा आतून तापवतात, त्याने ती थोडी आवळते. महिन्याला एकदा, असं चार-पाच वेळा करावं लागतं. फरक कळायला तीनेक महिने, आणि तोही थोडाच. ऑपरेशन केलं तर कातडी ताणली जाईल, पण टाक्यांचा व्रण राहील. क्रीमने मऊ होईल, वर चढणार नाही.”

“आणि एक्सरसाइज? मी रोज शंभर बैठका काढते.”

“त्याने आतला स्नायू भरतो. वरची कातडी वेगळी. तुम्हाला कधीपर्यंत हवंय?”

“पुढच्या संडेपर्यंत.”

शिवांगीने कागदावरून मान वर केली. “घरात लग्न आहे का?”

“मॅच आहे,” वसुधा म्हणाली आणि सलवार खाली ओढली.

वसुधा शितोळे जुन्या इंदुरातल्या मुलींच्या एका शाळेत एकतीस वर्षं खेळाची शिक्षिका होती. मागच्या वर्षी निवृत्त झाली. त्याआधी ती त्याच शाळेची विद्यार्थिनी होती आणि शाळेच्या खो-खो संघात चौथ्या चौकोनात बसायची. संघाला यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या मुलींनी आताच्या मुलींशी एक डाव खेळायचा असं ठरलं. जुन्या मुली म्हणजे साठीला टेकलेल्या आज्या. त्यांची कॅप्टन शशिकला तेव्हाही हुकूम सोडायची, आताही सोडत होती. तिचा फोन आला होता.

“ऐक वसू, ड्रेस वही. निळी चड्डी, सफेद शर्ट. टेलरकडे टाकलेपण मी. कुणी साडी-बिडी नेसून आली तर सीधा घरी पाठवणार.”

दोन दिवस वसुधा हवेत होती. तिसऱ्या दिवशी निळी चड्डी शिवून आली. ती घालून ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली आणि तिचा सगळा आनंद गुडघ्यावर येऊन अडकला.

मग सुरू झाले उपाय. एरंडेल तेल झालं, बेसन-दही झालं, कॉफीची पूड चोळून झाली. मोबाइलवरची एक बाई म्हणाली खालून वर मालिश करा, दुसरी म्हणाली वर्तुळात करा. वसुधाने दोन्ही केलं. कातडी जिथली तिथे होती. आणि आता शिकलेली डॉक्टरही तेच सांगत होती, फक्त चांगल्या मराठीत.

घरी आल्यावर तिचा चेहरा पाहून जयेशरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. ते सांवेर रोडच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि जगातली प्रत्येक वस्तू एक तर दुरुस्त होते नाही तर भंगारात जाते, असं त्यांचं मत होतं.

“काय म्हणाली?”

“नाही होत म्हणाली.”

“मग झालं तर. अगं, गुडघे आहेत की राजवाडा? लोकं काय फोटो काढायला येणार आहेत? फालतूमें टेन्शन घेते तू.”

सून रुची पोह्यांवर जीरावनचा मसाला भुरभुरत होती. बिचारी समजावणीच्या सुरात म्हणाली, “आई, चड्डीच्या खाली लेगिंग्ज घाला ना. स्किन कलरच्या मिळतात. सही में, कळणारपण नाही. आणि ह्या उमरमध्ये कोण बघतंय?”

“मी बघते,” वसुधा म्हणाली.

तिने पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि आत गेली. तिला रागाचं रडू येत होतं. कोण बघतंय, कोण बघतंय, सगळ्यांचं एकच पालुपद. एकानेही म्हणू नये की हो गं, लोंबतेय खरी, आणि तुला वाईट वाटणं साहजिक आहे. तेवढं कुणी म्हटलं असतं तर अर्धं दुखणं तिथेच बरं झालं असतं.

लेगिंग्ज तिला सुचल्या नव्हत्या असं नाही. पण त्या घालून मैदानात जायला तिला तोंड नव्हतं. एकतीस वर्षं ती दर जूनमध्ये एकच लढाई लढली होती. आया यायच्या, काही बाप यायचे. आमची मुलगी चड्डी घालून सगळ्यांसमोर बसणार नाही. तिचे गुडघे काळे आहेत, पायावर केस आहेत, लोकं नावं ठेवतात. वसुधा एकेकीला समोर बसवून सांगायची, पाय झाकून खो-खो खेळता येत नाही.

त्यातली सुरुची तिला नीट आठवत होती. आठवीतली पोर, हरणासारखी पळायची, पण उजव्या मांडीवर गुडघ्यापर्यंत भाजल्याचा डाग. लहानपणी उकळतं दूध सांडलं होतं. आई काही केल्या ऐकेना. वसुधा तीनदा त्यांच्या घरी गेली. तिसऱ्यांदा तिने आईला सोडून मुलीलाच विचारलं, “पाय कशाला असतात गं? दाखवायला की पळायला?” दुसऱ्या दिवशी सुरुची चड्डी घालून मैदानावर आली. पुढे राज्यापर्यंत खेळली आणि आता वसुधाच्याच जागेवर खेळाची शिक्षिका झाली होती. रविवारच्या डावाची पंचही तीच होती.

तिच्यासमोर लेगिंग्ज घालून जायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. शाळेतल्या भिंतीवर हा सुविचार वसुधाने स्वतः खडूने लिहिला होता. पोरीला ते पायांचं वाक्य ऐकवलं तेव्हा ते खरं वाटलं होतं. आता स्वतःवर आलं तर पाठ केलेलं वाटत होतं. न जाणं हा एक मार्ग होता. पण चौथा चौकोन तिचा होता आणि तिथे तिला एकदा तरी पुन्हा बसायचं होतं. कधी नव्हे एवढं काही तरी स्वतःसाठी हवंसं वाटलं होतं, आणि ते चार बोटं कातडीवर अडलं होतं.

शनिवारी दुपारी तिने खेळाच्या सामानाची जुनी पेटी काढली. शिट्टी, दोऱ्या, घड्याळ, आणि तळाशी टेपचा एक रोल. मुरगळलेले सांधे बांधायची, न ताणणारी, मातकट रंगाची. तिने तो हातात घेतला आणि तिला एकदम सुचलं.

आरशासमोर उभी राहून तिने डाव्या गुडघ्यावरची कातडी तळहाताने वर ओढली आणि टेपची पट्टी खालून वर, चड्डीच्या आत जाईल अशी, घट्ट चिकटवली. मग दुसरी, मग तिसरी. उजव्या पायालाही तसंच. हात सोडला. कातडी खाली आली नाही.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. लांबून टेप दिसतही नव्हती. गुडघे कसे स्वच्छ, रेखीव झाले होते. स्वयंपाकघरापर्यंत चालून आली, परत आली. टेप हलली नाही. जयेशरावांनी दारातून पाहिलं. “अरे वा, क्या बात है. दुरुस्त केलंस की.” ती लाजली, ह्या वयातही.

टेप लावायची ती गुडघा वाकवून. एकतीस वर्षांत तिने हजार मुलींना हे सांगितलं होतं. उभ्याने लावली तर खाली बसताना ती ओढ घेते आणि पाय वाकूच देत नाही. हा नियम तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. पण त्या दुपारी ती गुडघा बांधत नव्हती, सजवत होती. आणि आरशासमोर कुणी उकिडवं बसत नाही.

रविवारी निघताना तिने आरशासमोर पुन्हा तशाच पट्ट्या लावल्या. सकाळी सातलाच मैदान भरलं. शाळेच्या मुली भिंतीला लागून उभ्या, पाहुणे खुर्च्यांवर, जयेशराव आणि सून रुची दुसऱ्या रांगेत. आठ जणींनी दोन खांबांमधल्या आठ चौकोनांत बसायचं, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला, आणि नववीने आताच्या मुलींचा पाठलाग सुरू करायचा. नववी अर्थात शशिकला. सुरुची अर्ध्या चड्डीत, गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. वसुधाकडे पाहून तिने आदराने मान लववली.

“बैठो सब,” शशिकला ओरडली.

वसुधा आपल्या चौकोनात आली आणि खाली वाकली. अर्ध्यावर येताच दोन्ही मांड्यांतून अशी कळ गेली की तिचे दात एकमेकांवर आपटले. टेप ताठ झाली होती आणि कातडीला धरून बसली होती. अजून खाली जावं तर सालपट निघेल, उठावं तर सगळे बघताहेत. तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, जी तिने कधी कुठल्या मुलीला दिली नव्हती, आणि तशीच अधांतरी, हात जमिनीवर टेकून राहिली.

शिट्टी झाली. शशिकला एका मुलीमागे धावली, वळली आणि वसुधाच्या पाठीवर जुन्या सवयीने सपकन हात मारून ओरडली, “खो!”

नीट बसलेल्या बाईने तो धक्का घेतला असता. वसुधा आधीच तोल सावरत होती. ती पुढच्या पुढे तळहातांवर पडली.

शिट्टी वाजली. सुरुची पळत आली आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. “मॅडम, लगी तो नहीं? हात दाखवा.” तळहात फक्त खरचटले होते. मग तिची नजर खाली गेली. डाव्या पायावरची एक पट्टी खालच्या टोकाला सुटून वर गुंडाळली होती.

“मॅडम, ही खडे खडे लावली का?”

“हो.”

“वाकवून लावायची असते. तुम्हीच तर...” सुरुची बोलता बोलता थांबली. पट्टी जिथे सुटली होती तिथली कातडी खाली आली होती, आणि दुसऱ्या गुडघ्यावर अजून वर ताणलेली होती. तिला समजलं. तिने पटकन नजर दुसरीकडे वळवली.

वसुधाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वर बघायची हिंमत नव्हती म्हणून ती समोर बघत राहिली. समोर सुरुचीची मांडी होती, आणि तिच्यावरचा तो भाजल्याचा डाग, गुडघ्यापर्यंत ओघळलेला, उन्हात चकाकणारा. सुरुची शिक्षिका म्हणून शाळेत आली त्यालाही सहा वर्षं झाली होती. दोघी रोज ह्याच मैदानावर असत. डाग आहे हे ठाऊक असूनही एवढ्या वर्षांत तो वसुधाच्या नजरेत कधी भरला नव्हता.

शशिकला धापा टाकत आली. “वसू, तू बाहेर बस यार. एक्स्ट्रामधली अंबिका फ्री आहे, तिला बसवते तुझ्या जागी.”

“नको,” वसुधा म्हणाली. “माझी जागा आहे.”

ती तिथेच जमिनीवर बसली, चड्डीची कड वर सारली आणि पट्टीचं टोक धरून ओढलं. सावकाश नाही, एका झटक्यात. पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा आला. डोळ्यांत पाणी आलं. तिने दुसरी ओढली, तिसरी ओढली, मग उजवा पाय. सगळी शाळा बघत होती. जयेशराव खुर्चीतून अर्धे उठले होते. ती उभी राहिली, तशी दोन्ही गुडघ्यांवर कातडी घड्या घालून उतरली. आता तिच्यावर लालभडक पट्टेही होते. पूर्वीपेक्षा वाईटच दिसत असणार.

सुरुचीने हात पुढे केला. वसुधाने टेपचा चिकट गोळा तिच्या हातात दिला. सुरुचीने तो खिशात टाकला आणि ती खांबाकडे गेली.

वसुधा चौथ्या चौकोनात आली आणि पूर्ण खाली बसली. पाय आपोआप जुन्या जागी गेले. वाकलेल्या गुडघ्यांवर कातडी घट्ट ताणली गेली, एकही घडी राहिली नाही. ती ताणलेली कातडी फक्त वसुधाला दिसत होती, कारण तिचंच नाक त्या गुडघ्यांजवळ होतं. पूर्वी ती हे गुडघे इथून बघायची, आणि हे पंधरा दिवस आरशातून. तिला हसू आलं नाही. आग होत होती.

शिट्टी झाली. पळणाऱ्या मुलींच्या चपळ पायांचा आवाज उजवीकडून आला, डावीकडे गेला. मग पाठीवर थाप पडली.

ती उठली आणि धावली. मुलगी चौदा वर्षांची, ती कसली सापडते. पण वसुधाने तिला खांबापर्यंत रेटलं, तोपर्यंत छातीचा भाता झाला होता. मग तिने सहाव्या चौकोनात बसलेल्या बाईच्या पाठीवर हात ठेवून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा खो दिला, आणि त्या बाईने सोडलेल्या जागेत उकिडवी बसली.