उजव्या पायाचं प्लास्टर

सकाळी सातच्या सुमाराला रजनीच्या उजव्या पायाचं प्लास्टर झोळीत वेगळं पडलेलं सापडलं. कापलेलं नव्हतं, फुटलेलं नव्हतं. बुटातून पाय काढावा तसं अख्खंच निघालं होतं. तान्ही रजनी मोकळा पाय उडवत खिदळत होती आणि पाऊल जन्मतः होतं तसं पुन्हा आतल्या बाजूला वळलं होतं. डाव्या पायाचं प्लास्टर मात्र जागच्या जागी होतं.

तिच्या आईनं, द्वारकाबाईनं, ते उचलून नाकाशी धरलं. आतून करडईच्या तेलाचा वास आला.

हे दुसऱ्यांदा घडत होतं. जालन्याच्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मागच्या खेपेला बजावलं होतं, "दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं सरळ करत न्यायचं असतं. आणखी एकदा निघालं तर प्लास्टर बंद. मग मोठी झाल्यावर मुंबईला ऑपरेशन, आणि तेव्हाही पाय सरळ होईलच असं मी सांगत नाही."

टेंभुर्णीत त्यांचा तेलाचा घाणा होता. घरात तेलाचा वास कशाला येत नव्हता? पण प्लास्टरच्या आत तेल आपण होऊन जात नाही. आणि मालिश करायला हात शिवशिवायचे ते सासूचे, झुंबरबाईचे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "लेकराचा पाय भिंतीत चिणल्यावानी केला की गं! म्या चोळूनच सरळ केला असता."

द्वारकाबाई चुलीपाशी गेली.

"आत्याबाई, पहाटं पोरीला कुणी घेतलं होतं?"

"म्या. रडून राह्यली होती. तू तर घोरत होतीस."

"मंग हे कसं निघालं?"

"मला काय पुसती? तिलाच पूस, लई पाय झाडती ती." झुंबरबाईनं भाकरी थापता थापता वर पाहिलं. "का गं, मला चोर समजून राह्यली का?"

द्वारकाबाईनं प्लास्टर फडक्यात गुंडाळलं. तिचा नवरा पुंजाराम अंगणात घाण्याला बैल जुंपत होता. त्यानं दोघींकडे पाहिलं आणि बैलालाच शिवी हासडली.

जालन्याची मोटार गाठायची होती. द्वारकाबाईनं रजनीला डोक्यापासून पायापर्यंत तेल चोळलं, काजळ घातलं, नवं झबलं चढवलं. तेल्याचं लेकरू कोरड्या अंगानं गावाबाहेर न्यायचं नाही, ही त्या घरची रीत होती. घाणा दारात आणि पोर खरखरीत, असं कुणी म्हणायला नको.

सासूही निघाली. "तू तिथं माझं नाव सांगशील, ते ऐकाया तरी पायजे ना!"

दवाखान्यात सुहासिनी सिस्टरनं निघालेल्या प्लास्टरमध्ये डोकावून पाहिलं. "घरी काढता का हे?"

"म्या न्हाई काढत," द्वारकाबाई म्हणाली आणि तिची नजर सासूकडे वळली.

"बघा! तोंडानं म्हणती म्या न्हाई, आन् डोळ्यानं बोट माझ्याकडं!"

बाकावरच्या बाया हसल्या.

सिस्टरनं रजनीचा उजवा पाय धरला. तो सुळकन निसटला. तिनं बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"आज तेल कुणी लावलं?"

"म्याच. दवाखान्यात आणायचं म्हणून."

"दर वेळी लावता?"

"दर वेळी."

"अहो बाई, तेलकट पायावर प्लास्टर टिकेल कसं? घसरणारच!"

"सापडला का चोर?" झुंबरबाई म्हणाली.

द्वारकाबाईचे कान तापले. पण साबणानं पाय धुतला जात असताना तिची नजर डाव्या पायावर गेली. पहिल्यांदा दोन्ही पाय उघडे होते तेव्हा त्यालाही तिनंच तेल लावलं होतं. डावं प्लास्टर एकदाही निघालं नव्हतं.

"सिस्टरबाई, मंग डावं कसं टिकलं?"

"तसंही होतं कधी कधी," सिस्टर पाणी बदलता बदलता म्हणाली.

तेलाचं कळल्यावर डॉक्टरांनी शेवटची संधी दिली आणि नवं प्लास्टर घातलं. सिस्टरनं निघताना दोघींना बजावलं, "बोटांवर लक्ष ठेवा. पाचही दिसली पाहिजेत. आत जाऊ लागली की प्लास्टर घसरतंय समजा, त्याच दिवशी या."

द्वारकाबाईनं झोळी आपल्या अंथरुणाशेजारी बांधली. "तुझं तुझ्यापाशी ठेव," म्हणत झुंबरबाईनं पोरीला घेणंच सोडलं. निदान द्वारकाबाईच्या देखत तरी.

शनिवारी सकाळी डाव्या पायाची पाच बोटं दिसत होती, उजव्याची चार. करंगळी प्लास्टरच्या काठाआड गेली होती. द्वारकाबाईनं वाकून काठ हुंगला. तेलाचा वास आला, पण तो प्लास्टरचा की तिच्याच बोटांचा, हे तिला ठरवता येईना.

"किती दिसून राह्यली गं?" चुलीपासून झुंबरबाईनं विचारलं.

 द्वारकाबाईनं पोरीला कोरड्याच अंगानं झबल्यात घातलं आणि मोटारीसाठी निघाली.