लिफ्टच्या ब्याण्णव फेऱ्या

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात एक वही सापडली. तिच्या कोपऱ्यात अजून सुतळी बांधलेली आहे.

१९९८ साली आम्ही शारजाला, अल मजाजमध्ये, कंपनीच्या इमारतीत राहत होतो. तळमजला धरून पाच मजले, दहा बिऱ्हाडं. भाडं मूळ पगाराच्या दहा टक्के, पगारातूनच कापलं जाई. सर्व्हिस चार्ज मात्र जेवढा खर्च होईल तेवढाच घ्यायचा, वर एक फिल्सही नाही, असा नियम होता. त्याची वाटणी बाबांकडे होती.

वॉचमन, सफाई आणि पाण्याच्या पंपाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अडलं ते लिफ्टवर. तिचा महिन्याचा खर्च आठशे दिरहम, म्हणजे प्रत्येकी ऐंशी. तळमजल्यावरच्या लियाकतचाचांनी सांगितलं की त्यांनी लिफ्टचं तोंडही पाहिलेलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या शोभनामावशींना डॉक्टरांनीच जिना चढायला सांगितला होता. हे डॉक्टर त्याच आठवड्यात उपटले, असं आईचं मत. शेवटी कंपनी कंटाळली. महिनाअखेर वाटणीवर दहा सह्या आल्या नाहीत, तर इमारत एजंटकडे देणार आणि भाडं बाजारभावाने लागणार.

आमचे चारशे दिरहम दोन हजार होणार होते. "बावीस हजार रुपये," आई म्हणाली. "मग मी ईराला घेऊन पुण्याला जाते. तुम्ही राहा तुमच्या लिफ्टपाशी." ती चेष्टा करत नव्हती. माझ्या शाळेचा दाखला काढायचा अर्ज तिने लिहूनही ठेवला होता.

बाबांनी तोडगा काढला: जो वापरेल तो भरेल. लिफ्टमध्ये सुतळीने वही टांगली. प्रत्येकाने आपली फेरी आपणच लिहायची, एक आठवडाभर.

त्या आठवड्यात इमारत जिन्याने चालली. तिसऱ्या मजल्यावरच्या अनुराधाकाकू तांदळाची दहा किलोची पिशवी घेऊन प्रत्येक मजल्यावर टेकत वर गेल्या. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या शेजाऱ्यांनी नवा फ्रिजसुद्धा जिन्याने चढवला. लिफ्ट तळाशी दार उघडून नुसती उभी.

बाबांना वाटलं, लोक लिहायला विसरताहेत. म्हणून ते सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी, दुपारी जेवायला आले की, आणि संध्याकाळी तर दर अर्ध्या तासाने वही बघायला जाऊ लागले. चौथ्या मजल्यावरून. लिफ्टने. आणि आत शिरलेच आहेत तर प्रत्येक फेरी प्रामाणिकपणे लिहू लागले.

शुक्रवारी मला खालिद तळ्यावर न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. मी बूट घालून तयार, आणि बाबा घरात नाहीत. मी लिफ्टने खाली गेले, ते दिसले नाहीत, वर आले. थोड्या वेळाने ते गच्चीवरून उतरले. मी वहीत काही लिहिलं नव्हतं, पण वॉचमनने मला पाहिलं होतं आणि बाबांना सांगितलं होतं. लिफ्टने कशाला गेलीस, असं बाबांनी विचारलं. दहा वर्षांची मी, फुरंगटून म्हणाले, "नो रीझन."

तीस तारखेला सगळे आमच्याकडे जमले. बाबांनी वही उघडून हिशेब सांगितला. एकूण फेऱ्या ब्याण्णव. त्यातल्या एकाहत्तर आमच्या घराच्या. म्हणजे आठशेपैकी सहाशे सतरा दिरहम आम्ही देणं लागत होतो. आई स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आलीच नाही.

लियाकतचाचांनी संशयाने नोंदी वाचून दाखवायला सांगितल्या. बाबा हिंदीत वाचू लागले. "प्रकाश, नीचे, किताब देखने. प्रकाश, ऊपर, किताब देखकर." असं पानभर. मग, "ईरा, दो चक्कर, बेवजह."

"बच्ची का भी लिखा?" लियाकतचाचांनी विचारलं.

"लिफ्ट तो चली थी ना," बाबा म्हणाले.

लियाकतचाचा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी वाटणीचा कागद ओढला, बाबांचे सगळे आकडे खोडले, प्रत्येकापुढे ऐंशी लिहिलं आणि खाली सही केली. "इस आदमी का घर हमारी वजह से टूटे, ये नहीं होगा. खलास." शोभनामावशींनी गुडघ्याचा एकदा उल्लेख केला आणि सही केली. बाकीच्यांनी पेनाची वाट पाहिली तेवढीच. आई चहा घेऊन बाहेर आली. दाखल्याचा अर्ज तिने त्याच रात्री फाडला.

बाबांना मात्र ती वाटणी शेवटपर्यंत चुकीची वाटत होती. म्हणूनच त्यांनी वही जपली असावी.

काल मी ते पान काढलं. 'ईरा, दोन फेऱ्या, विनाकारण.' पेन घेऊन शेवटचा शब्द खोडला आणि वर लिहिलं: 'बाबांना शोधायला.'